पक्षाघातानंतर बाबांचं हिमोग्लोबिन ८.९: लोहाच्या गोळ्यांनी भागेल का?

रानजाई | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बाबांबद्दल विचारायचं आहे, थोडं सविस्तर लिहिते.

बाबा ६९ वर्षांचे. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शेवटची पंगत वाढताना त्यांच्या हातातून तांब्या निसटला, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. गुठळीचा पक्षाघात. अकरा दिवस भरती होते, मधे न्यूमोनियाही झाला, मग सुट्टी मिळाली. आता काठी धरून न्हाणीघरापर्यंत जातात, बोलणंही बरंच परत आलंय. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, एवढी औषधं आहेत.

महिनाभरापासून मात्र तब्येत मागे चाललीय. चाळीस मिनिटं व्यायाम करणारे बाबा दहा मिनिटांत "पुरे बेटा, जीव नाही राहिला" म्हणतात. चार पावलांवर धाप लागते. लकव्यानंतर थकवा असतोच, त्यात थंडी, असं आम्ही धरून चाललो होतो. परवा फिजिओताईंनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, आधी रक्त तपासून घ्या.

हिमोग्लोबिन ८.९ आलं. भरती झाले तेव्हा ११.६ होतं. एमसीव्ही (लाल पेशींचं आकारमान) ६८, प्लेटलेट ४ लाख ८० हजार. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) सप्टेंबरात ५२ होतं, पुढे 'नॉर्मल' असं छापलेलं, म्हणून परत केलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने दाखवायला सांगितलं. चार दिवस झाले सुरू करून.

पण मनाला स्वस्थता नाही. पक्षाघातामुळे रक्त कमी झालं, की रक्त कमी होतं म्हणून पक्षाघात झाला? शेजारचे काका म्हणतात, लोह दिलं की रक्त घट्ट होतं आणि परत गुठळी होते. खरं आहे का हे? कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

---

वऱ्हाडी_बाणा | रात्री १०:४१

ताई, घाबरू नका. माह्या मोठ्या भावाले बी लकव्यानंतर असंच झालं होतं. बीट, डाळिंब, गूळ-फुटाणे चालू करा. भाजी लोखंडाच्या कढईत करा. अन् घरी लाखोळीची दाळ येत असन तर बंद करा, तिनं लकवा होते असं आमची आजी सांगे.

---

अंबाझरी | रात्री १०:५८

डाळिंबाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा काही संबंध नाही हो. १०० ग्रॅम डाळिंबात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. फळ म्हणून अवश्य द्या, औषध म्हणून नको. कढईचं मात्र पटलं. चिंच-टोमॅटो घालून आंबट वरण केलं की कढईतलं लोह चांगलं उतरतं.

---

ओपीडीतला_माणूस | रात्री ११:३०

मी फिजिशियन आहे. इथे बसून कोणाचं निदान करणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

लाखोळीबद्दल आधी. ती सतत, मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर लॅथिरिझम होतो. त्यात दोन्ही पाय ताठरतात. पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीतून होतो. दोन्हींना आपल्याकडे लोक लकवाच म्हणतात, म्हणून घोळ होतो. आजींचं निरीक्षण खरं होतं, आजार वेगळा.

आता मूळ प्रश्न. पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली, बाईत १२ च्या खाली (गरोदरपण वगळून), याला अ‍ॅनिमिया म्हणायचं असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. म्हणजे तुमचे बाबा सप्टेंबरातच अ‍ॅनिमियात होते. पक्षाघाताच्या रुग्णांत हे अजिबात दुर्मीळ नाही. आपला वॉर्ड डोळ्यांपुढे आणला तर चार खाटांमागे एक अशी खाट असते.

कारण आधी की परिणाम, तर दोन्ही वाटा खुल्या असतात. लोह कमी पडलं की ऑक्सिजन कमी पोचतो, प्लेटलेट वाढतात, रक्ताचा गुठळ्या करण्याकडे कल वाढू शकतो. उलट बाजूने, पक्षाघातानंतर गिळता येत नाही म्हणून जेवण घटतं, अंगात दाह असतो म्हणून लोह शोषलं जात नाही, आणि गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांनी पोटातून थेंब थेंब रक्त जाऊ शकतं.

"रक्त घट्ट होईल" ही भीती मी रोज ऐकतो. हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढतं तो आजार वेगळा. ८.९ चं १३ करण्याने कोणाचं रक्त घट्ट होत नाही. बाबांच्या प्लेटलेट चार लाख ऐंशी हजार आहेत, त्या बहुधा लोह भरून निघाल्यावर आपोआप खाली येतील.

आणि सप्टेंबरातल्या त्या ५२ वर विसंबू नका. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचं माप, पण ताप, न्यूमोनिया, पक्षाघात असं काही झालं की ते फुगतं. साठा रिकामा असूनही आकडा बरा दिसतो. आता न्यूमोनिया ओसरलाय, परत करा, सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे, ते).

---

थेंब | १३ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी सतरा वर्षं लॅबमध्ये आहे. एक गोष्ट जोडते. एमसीव्ही ६८ म्हणजे पेशी लहान, पण लहान पेशी म्हणजे लोहच कमी असं नाही. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही अशाच दिसतात. आरबीसीचा, म्हणजे लाल पेशींच्या संख्येचा, आकडा किती आहे? एमसीव्हीला त्याने भागा. १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते, खाली आलं तर थॅलेसेमियाकडे बघायचं. ढोबळ ठोकताळा आहे, निदान नव्हे.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजारही घरोघरी आहे. सिकलसेलमध्ये लहान मुलांनासुद्धा पक्षाघात होतो, आणि त्यांना वारंवार रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह उलट जास्त साठलेलं असतं. तिथे न तपासता लोह देणं चूक. त्यामुळे नागपुरात कोणाचंही रक्त कमी निघालं आणि कारण कळत नसेल, तर एकदा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) करून घ्यावी असं मी सगळ्यांना सांगते.

---

रानजाई | सकाळी ७:५०

थेंबताई, आरबीसी ४.१ आहे. भागिले तर साडेसोळा आलं. एचपीएलसी मागे दादाच्या लग्नाच्या वेळी सगळ्यांची केली होती, बाबांची साफ होती.

ओपीडीतला_माणूस, तुम्ही इतक्या रात्री एवढं लिहिलंत, खूप आभार. फेरिटिनचं आजच बघते.

---

तर्रीपोहे | सकाळी ९:१५

काकांना तर्री-पोहे आवडतात का? तर्रीतल्या चण्यात लोह असते, वरून लिंबू पिळलं की अजून चांगलं लागू पडते. माझी ओळखच या पदार्थावर आहे म्हणून सांगून राहिलो :)

---

आनंदी_फिजिओ | सकाळी ९:४०

तर्रीपोहे, चण्याचं आणि लिंबाचं अगदी बरोबर. फक्त पक्षाघात झालेल्या माणसाला पातळ झणझणीत रस्सा देताना जपा, ठसका लागून तो श्वासनलिकेत जातो. काकांना एकदा न्यूमोनिया झालेलाच आहे. चणे मऊ शिजवून, रस्सा दाट करून, नीट ताठ बसवून द्या.

गोळ्या गिळायला त्रास होत असेल तर स्वतःहून कुटून देऊ नका, काहींवर आवरण असतं. लोहाचं पातळ औषध मिळतं. ते दातांवर डाग पाडतं, म्हणून स्ट्रॉने देऊन नंतर चूळ भरायला लावायची.

---

पुणेरी_पाहुणी | सकाळी १०:२२

गोळी चहाबरोबर देत नाही ना? माझे सासरे सगळ्या गोळ्या चहाच्या एकाच घोटात घ्यायचे. तीन महिने रक्त जागचं हललं नाही. चहाने लोह बांधलं जातं. दुधाने आणि कॅल्शियमच्या गोळीनेही शोषण कमी होतं. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर हवं.

---

तर्रीपोहे | सकाळी १०:३०

अन् सध्या संत्री उतरून राहिली आहेत. आंबिया बहार आहे, कॉटन मार्केटात ढीग लागले. गोळीसोबत एक संत्र, यापेक्षा नागपुरी औषध कोणतं?

---

अंबाझरी | सकाळी १०:४४

नागपुरी औषध खरंच. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. पण रस नको, फोडी द्या. पेरूही चालेल, आवळा तर त्याहून उत्तम.

---

कोजागिरी | सकाळी ११:५०

"रक्त कमी होतं म्हणून पक्षाघात" याचं उदाहरण मी स्वतः आहे, म्हणून लिहिते.

वय ३४. चार वर्षं पाळीत फार रक्त जायचं. सगळ्या बायकांचं असंच असतं, असं आईही म्हणायची आणि मीही. फ्रीजमधले बर्फाचे तुकडे तासनतास चघळायची. नवरा हसायचा. तेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, हे कोणाला ठाऊक! हरतालिका आणि महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. त्यानंतर आठ दिवस डोकं दुखत होतं, कुठल्याही गोळीने थांबेना. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात फिट आली आणि डावा हात लुळा पडला.

मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. हिमोग्लोबिन ५.८. डॉक्टरांनी कारणांत दोन्ही गोष्टी लिहिल्या, तीव्र अ‍ॅनिमिया आणि त्या गोळ्या. मग रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं आणि त्यामुळे पाळीत आणखी रक्त जायला लागलं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं, असं चाललं होतं. शेवटी शिरेतून लोह दिलं, गर्भाशयातल्या गाठीवर उपचार झाले, तेव्हा कुठे मार्ग निघाला. आज हात ९० टक्के परत आलाय, पोळ्या लाटते.

घरातल्या बायकांची पाळी किती दिवस जाते, किती जाते, हे विचारत जा हो.

---

शाल्मली_६२ | १३ डिसेंबर, दुपारी २:१०

कोजागिरी, वाचून डोळे भरले. बरी राहा गं.

रानजाई, माझा अनुभव सांगते. यांना पक्षाघात झाला तेव्हा हे ६५ चे. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ९ वर आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, ११ झालं, सगळे खूश. गोळ्या थांबवल्या, परत ९. मग शिरेतून लोह. परत ११, परत खाली. आठ महिने हा पाळणा वरखाली होत होता. लोह जातंय कुठे, हे एकानेही विचारलं नाही, मीही नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं, तर उजव्या बाजूला गाठ. कर्करोग. ना दुखणं, ना शौचात लाल रक्त दिसलेलं. शस्त्रक्रिया झाली, हे आज आहेत, सकाळी अंबाझरीच्या बागेत दोन चकरा मारतात. पण ते आठ महिने माझ्या मनातून जात नाहीत.

---

जुना_मानेवाडेकर | दुपारी ३:३५

शाल्मलीताईंचं दुःख समजतं, पण मी दुसरी बाजू मांडतो. आईला ८६ व्या वर्षी पक्षाघात झाला. अंथरुणाला खिळलेली. रक्त कमी आलं आणि लगेच वरून दुर्बीण, खालून दुर्बीण. आतडं साफ करायचं ते औषध पिताना तिचे जे हाल झाले ते मी विसरू शकत नाही. निघालं काहीच नाही. आधीच मोडलेल्या माणसाला इतकं छळायचं का? लोहाचं सलाईन लावा, अंगात जरा बळ येऊ द्या.

---

ओपीडीतला_माणूस | रात्री ९:१५

मानेवाडेकर, तुमच्या आईंच्या बाबतीत मीही कदाचित तुमच्या बाजूने बोललो असतो. तपासणीतून जे निघेल त्यावर आपण काही करणार नसू, तर ती तपासणी कशासाठी? पण चालते-बोलते ६९ वर्षांचे गृहस्थ, ज्यांचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांत पावणेतीन अंश घसरलंय, त्यांची गोष्ट निराळी.

हिशेब बघा. निरोगी पुरुष दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम लोह गमावतो आणि तेवढंच अन्नातून कमावतो. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह. म्हणजे रोज पोटातून दोन चमचे रक्त गेलं तर ५ मिलिग्रॅम लोह गेलं, आणि एवढ्या रक्ताने शौचाचा रंगही बदलत नाही. कोणालाच दिसत नाही. बाईची पाळी असते, पुरुषाला आणि पाळी गेलेल्या बाईला तेही कारण नाही. म्हणून त्या वयात लोह कमी निघालं की पोट आणि आतडं बघायचं, हा नियम आहे.

पक्षाघातानंतर लगेच भूल देऊन दुर्बीण घालणं टाळतात, पण तुम्हाला तीन महिने झालेत. न्यूरोच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

काळ्या शौचाबद्दलही सांगतो. लोहाच्या गोळीने शी काळपट-हिरवट होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असेल तर ते पोटातलं रक्त. गोळ्या सुरू असताना हा फरक चटकन कळत नाही.

---

रानजाई | रात्री १०:०५

आत्ता हे वाचून बाबांची देखभाल करणाऱ्या मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, काळी तर दिवाळीपासूनच होते. खरकटं काढल्यासारखी चिकटते, घासावं लागते. मले वाटलं औषधानं होत असन."

गोळ्या तर चार-पाच दिवसांपूर्वी सुरू झाल्या.

---

थेंब | रात्री १०:०९

थांबा. दिवाळीपासून? दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का काही?

---

रानजाई | रात्री १०:३१

आहेत. लकव्याच्या बाजूचा खांदा रात्ररात्र दुखायचा. कळवळायचे. मीच मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देत होते, सकाळ-संध्याकाळ. दसऱ्यापासून. डॉक्टरांनी "दुसरं काही घेतात का" विचारलं तेव्हा नाही म्हणाले. ती गोळी मला औषध वाटलीच नाही.

---

ओपीडीतला_माणूस | रात्री १०:३८

डायक्लोफेनॅक आजपासून बंद. अ‍ॅस्पिरिनसोबत तिने जठराला जखम होऊन रक्त जाऊ शकतं. उद्या सकाळी बाबांना घेऊन जा, महिना थांबू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मावशींनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगा. रात्रीत चक्कर, घाम, रक्ताची उलटी, नाडी जलद असं काही झालं तर सकाळची वाट न बघता थेट आकस्मिक विभागात.

अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. ती एकाएकी थांबली तर परत पक्षाघात होऊ शकतो. किती दिवस थांबवायची, थांबवायची की नाही, हे न्यूरो आणि पोटाचे डॉक्टर बोलून ठरवतील. पँटोप्राझोलने लोह थोडं कमी शोषलं जातं, हे कुठेतरी वाचून तीही थांबवू नका. जठराला सध्या तिचाच आधार आहे.

आणि स्वतःला लावून घेऊ नका. पक्षाघाताच्या खांद्यासाठी डायक्लोफेनॅक देणारी अर्धी घरं मी रोज बघतो. विचारायचं कसं, हे आम्हीही शिकायला हवं. "दुसरं औषध घेता का" असं विचारलं की लोक नाही म्हणतात. "दुखलं तर काय देता" असं विचारायला हवं.

---

आनंदी_फिजिओ | १४ डिसेंबर, सकाळी ६:५०

खांद्याबद्दल: बाबांना उठवताना त्या हाताला किंवा काखेत धरून ओढता का? बहुतेक घरांत तसंच उठवतात. सांधा सैल झालेला असतो, प्रत्येक ओढीने आणखी दुखावतो. कमरेला पट्टा बांधून त्याला धरून उठवा. बसले असताना हाताखाली उशी, झोपताना खांद्यामागे घडी केलेली चादर. तुमच्या फिजिओताईंकडून समोर करून घ्या आणि मावशींनाही शिकवा.

---

वऱ्हाडी_बाणा | सकाळी ८:२०

ताई, विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बर्डीकडून रस्ते बंद आहेत, वर्धा रोडवर बी गर्दी. लवकर निघा. गाडी लागली तर सांगा, मी सक्करदऱ्यात राहतो.

---

रानजाई | १६ जानेवारी, रात्री ९:४५

मंडळी, महिनाभराने येतेय. संक्रांतीचा तिळगूळ आधी घ्या सगळ्यांनी. वऱ्हाडी_बाणा दादा त्या सकाळी खरंच गाडी घेऊन आले होते, हे इथे लिहायलाच हवं.

त्या दिवशी हिमोग्लोबिन ८.४ झालं होतं, फेरिटिन ९. दोन दिवस भरती. रक्त चढवावं लागलं नाही. जठराच्या खालच्या टोकाला व्रण निघाला, तळाशी काळा डाग, म्हणजे तिथून रक्त गेलेलं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूची तपासणीही होकारार्थी आली, १४ दिवसांचा कोर्स दिला. त्या काळात कोलेस्टेरॉलची गोळी थांबवायला सांगितली, त्यातल्या एका अँटिबायोटिकशी तिचं जमत नाही म्हणून. मला वाटलं एवढ्यावर सुटका झाली, पण डॉक्टर म्हणाले, व्रण सापडला तरी मोठं आतडंही बघू. शाल्मलीताई, तुमची आठवण काढून मी हो म्हटलं. एक लहान पॉलिप होता, काढला, बायोप्सी चांगली आली.

लोह शिरेतून दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. पहिल्या दिवशी १००० मिलिग्रॅम, आठवड्याने ५००. वीस मिनिटांचं सलाईन, मग अर्धा तास नजरेखाली ठेवलं. कालचं हिमोग्लोबिन ११.२. प्लेटलेट ३ लाखांवर आल्या. अ‍ॅस्पिरिन चालूच आहे. खांद्यासाठी उशी, शेक आणि लागलीच तर पॅरासिटामॉल.

उजव्या हाताची बोटं अजून उघडत नाहीत. पण काल अर्धा तास व्यायाम केला आणि नंतर दारापर्यंत जाऊन पतंग बघत उभे राहिले.

---

ओपीडीतला_माणूस | रात्री १०:१५

छान बातमी. लोहाने हात चालू होत नाही, पण व्यायाम करायला अंगात जीव येतो, आणि हात चालू होतो तो व्यायामाने. तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन परत करा. आकडा पुन्हा घसरला तर पुन्हा शोधायचं.

---

जुना_मानेवाडेकर | रात्री १०:४०

बाबांना नमस्कार सांगा. बरं झालं, माझं ऐकलं नाहीत.

---

नवी_सकाळ | १७ जानेवारी, सकाळी ११:०५

धागा पूर्ण वाचला. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, वय ७१. हिमोग्लोबिन ९.४, सारखी झोपून असते. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. कुठून सुरुवात करू?

---

थेंब | सकाळी ११:२०

रिपोर्टवर एमसीव्ही किती लिहिलंय ते बघून सांगा. आणि गुडघे, कंबर दुखली तर आईला काय देता?